राजकन्येसाठी रानतुळशीचे तेल

पूर्वी वेत्रवती नगरीत उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुगंधी तेले काढणाऱ्या एका कुळात जन्माला आले. तेथे त्यांचे नाव वल्लिय. डोंगरावरची रानतुळस आणून वल्लिय ती मडक्यात उकळी आणि तिची वाफ निववून तेल काढी. हे तेल लावले की चिघळलेली जखम सुकते, मांस नासत नाही, हे त्याला अनुभवाने कळले होते.

त्या वर्षी राजाची एकुलती मुलगी चंपिका तापाने वारली. राजाने तिला अग्नी देऊ दिला नाही. तिचा देह नासू नये म्हणून वल्लियचे सगळे तेल राजवाड्यात जाऊ लागले. राजाचे दुःख पाहून वल्लिय मुकाट्याने ते देत राहिला.

अशातच नदीला पूर आला. चिखलात वावरणाऱ्या लोकांच्या पायांना जखमा होऊन त्या चिघळू लागल्या. एके सकाळी कालिंदी नावाची विणकरीण लेकीला पाठुंगळी घेऊन वल्लियच्या दारात आली. पोरीचा पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता.

"दादा, थोडं तेल द्या," ती म्हणाली. "कालही आले होते. तुमचा गडी म्हणाला, राजाचं आहे."

वल्लियने राजासाठी भरलेली कुपी उघडली. जखम धुतली, तेल लावले. पण विष अंगात भिनले होते. संध्याकाळी पोरीने आईच्या मांडीवर प्राण सोडला. कालिंदी रडली नाही. पोरीच्या पायावरचे फडके तिने नीट केले आणि विचारले, "काल लावलं असतं तर?"

त्या रात्री वल्लियने घरात उरलेले सगळे तेल जखमींना वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातांनी राजापुढे उभा राहिला.

"तेल कुठे आहे?"

"लोकांना वाटून टाकलं, महाराज. यापुढे ते इकडे येणार नाही."

राजाचा हात तलवारीकडे गेला. "माझी लेक नासू देऊ?"

"तेलानं नासणं थांबतं, महाराज. श्वास परतत नाही. नगरात श्वास चालू असलेली लेकरं नासताहेत. एक पोरगी काल माझ्या अंगणात गेली."

"तुला लेक नाही, म्हणून बोलतोस."

"होती. या तेलाचा गुण कळण्याआधीच गेली."

राजा हळूच म्हणाला, "तिला सोडलंस कसं?"

"सोडलं नाही, महाराज. नुसता अग्नी दिला."

राजाचा हात खाली आला. त्याच दिवशी वल्लियला सोबत घेऊन त्याने स्वतः चंपिकेला चितेवर ठेवले आणि साठवलेले तेलाचे रांजण नगरात पाठवले. पुष्कळ जण वाचले. कालिंदी घरोघर त्यांच्या जखमा धूत फिरली. तिचा हातमाग मात्र पुन्हा कधी चालला नाही.

बहिणीच्या मृत्यूने खचलेल्या भिक्षू पुण्यकाला ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "पुण्यका, तेव्हाचा राजा तूच होतास. कालिंदी म्हणजे विहारात आजाऱ्यांची सेवा करणारी ही भिक्षुणी धम्मिका. आणि वल्लिय मी होतो. शोकात बुडालेल्याला खरे सांगावे आणि त्याचा हात सोडू नये, ही सत्य पारमिता, सत्याची पूर्णता."