दारातल्या गाडीची कॉइल

देवगडच्या तातूशेटना आपल्या शब्दाचा भारी तोरा. मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या त्यांच्या दुकानात त्यांनी जो पार्ट हातात दिला, तो गिऱ्हाइकाने मुकाट्याने घ्यायचा. शंका काढायची नाही.

एका सकाळी मासे विकणाऱ्या मंदा तांडेलची मोटारसायकल त्यांच्या दुकानासमोरच बंद पडली. मागे सुरमईचा क्रेट, त्यातला बर्फ वितळू लागलेला. शेजारचा मेकॅनिक म्हणाला, "इग्निशन कॉइल गेली. नवी आण, लगेच बसवतो."

शेटनी एक बिननावाची कॉइल पुढे सरकवली. "घे! ओरिजिनल हिच्यापुढे पाणी भरेल."

मंदाने ती उलटीपालटी करून पाहिली. "शेट, दर रविवारी तुम्ही माझ्या पाटीतला मासा घेत नाही. मी घरासाठी बाजूला ठेवलेला मागता."

"मग? तो खात्रीचा असतो!"

"मग आज मलाही तुमच्या घरचीच द्या. ती दारात तुमची गाडी उभी आहे, माझ्याच मॉडेलची. ही नवी कॉइल तिला बसवा. तिच्यातली जुनी मला चालेल."

शेटनी दारातल्या गाडीकडे पाहिलं. मग ते स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचं ओरिजिनल कॉइलचं सीलबंद खोकं काढून त्यांनी मुकाट्याने मंदाच्या हातात ठेवलं.

त्या रविवारी शेटनी मासा पाटीतलाच घेतला.