भिंतीपलीकडचा झरा

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. मावशीनं सांगितली तेव्हाच बजावलं होतं, की न्हाणीघरातल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत. पण गोष्टीतली राणी काही आता माझ्यावर रागवायला येणार नाही, कारण हे सगळं घडलं फार फार वर्षांपूर्वी.

डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राजवाड्यामागच्या बोळात सात चुली होत्या आणि त्या सांभाळायला एक म्हातारी होती. चुलींवर सात मोठे हंडे. त्यांतलं पाणी भिंतीपलीकडे जाऊन राणीच्या न्हाणीघरात दगडी गोमुखातून पडायचं. राणी अंघोळ करायची एकदाच, सकाळी. पण तिला कधीही पाणी लागलं तर थांबावं लागू नये, म्हणून सातही चुली दिवसभर पेटत्या ठेवायच्या, असा कारभाऱ्यांचा नियम होता. दुसरा नियम असा, की चुलींबद्दल राणीकडे चकार शब्द काढायचा नाही.

राणीचं माहेर गरम पाण्याच्या झऱ्यांचं. इथंही भिंतीमागे झराच आहे, असं ती धरून चालली होती. रोज अंघोळ झाली की ती गोमुखापाशी एक फूल ठेवायची आणि म्हणायची, "झरेबाई, आजही आठवणीनं आलीस. तुझे उपकार आहेत."

म्हातारीला ते भिंतीतून ऐकू यायचं. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. मग सवय लागली. धुरानं डोळे चुरचुरायचे, फुंकणी फुंकून छाती दुखायची, पण तेवढं ऐकल्याशिवाय तिला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. दुसऱ्याच्या नावाचे का होईना, आभार ते आभार.

वर्षं गेली. जवळचं रान संपलं, मग लांबचं. एके दिवशी मोळ्या टाकताना लाकूडतोड्यांचा मुकादम सांगून गेला, की उद्या वाडीतल्या तिच्या दारातली जांभूळ तोडायची आहे. त्या झाडाला झोळी बांधून म्हातारीनं तीन लेकरं वाढवली होती. तिनं पुष्कळ विनवलं. मुकादम म्हणाला, "आजे, चूल तूच पेटवतेस आणि झाड तोडू नका असंही तूच म्हणतेस?"

बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीतून नेहमीचे शब्द आले. म्हातारीनं फुंकणी खाली ठेवली. बोललं तर काम जाईल, हे तिला ठाऊक होतं.

"राणीसाहेब," ती म्हणाली, "इथं झरा नाही. मी आहे."

मग ओल्या केसांनीच राणी बोळात आली. तिनं सात जाळ पाहिले, काळी भिंत पाहिली, म्हातारीचे लाल डोळे पाहिले.

"एवढं सगळं कशासाठी?"

"आपल्याला वाट पाहावी लागू नये म्हणून."

"मला वाट पाहवत नाही, असं कोण म्हणालं?" राणीनं विचारलं. मग हळूच म्हणाली, "पण मी तरी कधी विचारलं?"

म्हातारीनं जांभळीचं सांगितलं. राणीनं तसाच माणूस धाडला. तो वाडीत पोचला तेव्हा एका फांदीवर घाव पडला होता, झाड मात्र वाचलं.

त्याच दिवशी सहा चुली विझल्या. सातवी फक्त सकाळी पेटायची, तीही पडलेल्या काटक्यांवर, आणि उन्हाळ्यात तर तीही नाही. पाणी तापेपर्यंत राणी चुलीशी पाटावर बसायची. तिला फुंकणी काही जमली नाही, पण गप्पा मात्र छान जमल्या. जांभळं पिकली तेव्हा म्हातारीनं पहिला द्रोण तिलाच आणून दिला. आणि रोजचं ते फूल राणी आता म्हातारीच्या हातात द्यायची.

तात्पर्य, आपल्याला आयती मिळणारी ऊब कुठेतरी कुणीतरी जळून आलेली असते. तिचे खरे आभार मानायचे, तर ती जपून वापरावी.

त्या गार चुलींपैकी एकीत पुढे मांजरीनं पिल्लं घातली, आणि त्यांची नावं राणीनं स्वतः... आई हाक मारतेय. माझं अंघोळीचं पाणी तापलंय, आता गार झालं तर पुन्हा गॅस जाळावा लागेल.