हंड्याची अटक

त्या राज्यात गुन्हेगारांना पकडणे केव्हाच बंद झाले होते. गुन्हेगार पळतात, चावतात, वकील करतात. वस्तू यातले काहीच करीत नाहीत, म्हणून कोतवालीतले कुत्रे वस्तूंनाच अटक करीत. एखाद्या वस्तूला संशयाचा वास आला की ती सरकारजमा. आणि वास आला की नाही, हे कुत्र्यांशिवाय कोण सांगणार?

तानूआत्या नावाची साळू बाजाराच्या तोंडाशी रताळी उकडून विकत असे. अंगभर काटे, पण जीभ मऊ. तिचा तांब्याचा हंडा आईकडून आलेला होता आणि त्याला ती रोज चिंचेने घासून लख्ख करी. एका सकाळी कोतवाल भुंकेराव आले, हंड्याभोवती फिरले आणि नाक वर करून म्हणाले, "हा हंडा संशयित आहे."

"अहो साहेब, रताळ्यांचा वास आहे तो."

"तेच म्हणतोय. प्रामाणिक हंड्याला इतका छान वास येत नाही."

"मग मला पकडा. हंडा माझा आहे."

"छे छे! तुमच्याविरुद्ध आमची काहीच तक्रार नाही, आत्या. तुम्ही खुशाल घरी जा."

हंड्याला दोरखंडाने बांधून नेण्यात आले. आतली रताळी वाटेतच तपासली गेली. तपास इतका कसून झाला की सालीदेखील उरल्या नाहीत.

न्यायमूर्ती रेडेसाहेबांनी रवंथ करता करता हंड्याला विचारले, "तू निर्दोष आहेस का?"

हंडा गप्प.

"त्याच्या वतीनं मी सांगते," तानूआत्या पुढे झाली.

"बाई, तुम्ही आरोपी आहात का? नाही ना? मग मध्ये बोलायचं नाही."

आत्याने पाठीवरचा काटा उपटला आणि हंड्यावर हाणला. टण्ण!

"हा काय म्हणाला?" रेडेसाहेबांचे रवंथ थांबले.

"निर्दोष म्हणाला, साहेब!"

"म्हणाला खरा," भुंकेराव म्हणाले, "पण उद्धटपणे."

हंडा सरकारजमा झाला.

चार घरी मागून आणलेल्या मडक्यात आत्याने रताळी लावून पाहिली, मडके तडकले. मग ती कोतवालीच्या कुंपणाशी गेली. आत अस्वलदादाची जप्त गोधडी अंथरून शिपाई लोळत होते आणि भुंकेरावांच्या बाईसाहेब आत्याच्या हंड्यात पिल्लांच्या पिसवा धूत होत्या. आत्या तशीच दारातून आत शिरली.

"साहेब, कबुली द्यायला आलेय. मी त्या हंड्याचं झाकण आहे."

"झाकण?"

"इतकी वर्षं बाजार उठला की त्याच्यावरच बसायचे. घ्या, वास घ्या."

भुंकेरावांनी वास घेतला. रताळेच. कायदा स्पष्ट होता. मुद्देमाल अपुरा ठेवणे हा तर कोतवालीचा अपमान. हंडा रिकामा करवून त्यांनी आत्याला त्याच्यावर बसवले आणि दोघांना कोठारात बंद केले. जप्त मालाची निगा सरकारकडे असल्याने जळण, पाणी आणि रताळी शिपायांनाच वाहून आणावी लागली. कुलपाआड आत्याने हंडा घासला, तीन दगड मांडले आणि किती तरी दिवसांनी गुणगुणली.

दुसऱ्या दिवशी अस्वलदादा हजर. "मी गोधडीचं अस्तर."

बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला, "मी जप्त छत्रीचा दांडा."

बेडूकभाऊ गाल फुगवून आले आणि आपण जप्त सनईचा भाता असल्याचे सांगू लागले. सनईला भाता नसतो, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मुद्देमाल वाढतोय म्हणून कोतवालीत पेढे वाटले गेले. बघता बघता सगळी वस्ती रांगेने येऊन जप्त झाली. आता कोठारातून धूर निघे, फोडणीचा चर्रर्र आवाज येई, हसणे ऐकू येई.

बाहेर बाजारात पाचोळा उडत होता. भुंकेराव एकेका ओसाड ओट्यापाशी जाऊन हुंगत होते. हुंगण्याजोगे काहीच नव्हते. एवढ्यात त्यांच्या मागून येणारा हवालदार थबकला. त्याने नाक वर केले आणि नजर कोतवालांच्या कमरेच्या पितळी बक्कलाच्या पट्ट्यावर स्थिरावली. थोड्याच वेळात भर उन्हात दोघे त्या पट्ट्याची एकेक बाजू दातांत धरून गरगरा फिरत होते, आणि भोवती उभे असलेले शिपाई एकमेकांच्या टोप्यांकडे नाक वर करून पाहत होते.