वेलीआडची पाटी

गावात मोटारी नुकत्याच वाढू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. बाजारात औषधाच्या दुकानासमोर गाड्या लावायची जागा होती. तिथं दाराजवळ एक निळी पाटी उभी केली होती. चाकाच्या खुर्चीचं चित्र दाखवून ‘ही जागा अपंगांसाठी ठेवा’ एवढंच तिला सांगायचं होतं.

शेजारची मधुमालती हळूहळू तिच्या खांबावर चढली. “ताई, माझी पानं तुझ्या तोंडावर येतायत. सरकू का?”

“राहू दे गं,” पाटी म्हणाली. “उन्हानं माझा रंग उडतो. तुझ्या फुलांनी मी दिसतेही छान!”

एका दुपारी सोपानराव तीनचाकी स्कूटरवर आले. दाराजवळ मोटार उभी होती, म्हणून त्यांनी स्कूटर लांब लावली आणि कुबड्यांवर उन्हातून चालत आले. परत जाताना ठेच लागून ते पडले. औषधाची बाटली फुटली.

मोटारवाला धावला. “अहो काका, दाराजवळ लावायची ना गाडी!”

“तिथं तुमची होती, बाबा,” सोपानराव गुडघा पुसत म्हणाले.

पाटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वेली, सरक बाई,” ती कशीबशी म्हणाली.

पुढच्या खेपेला दाराजवळची जागा रिकामी होती. सोपानरावांनी स्कूटर लावली, वर पाहिलं आणि खांबावरून मायेनं हात फिरवला.

“नवी पाटी लावली वाटतं! फार उपकार झाले गं बाई तुझे.”

पुन्हा पानांत तोंड लपवावं, असं पाटीला वाटलं. पण ती उन्हात तशीच उभी राहिली.