विहिरीतल्या मरळी

“मग हे मोठे का होत नाहीत, बाबा?”

विवेकदासच्या ओंजळीत बोटाएवढा मासा होता. डोकं मोठं, डोळे त्याहून मोठे, बाकी अंग वाळलेल्या शेंगेसारखं.

भिकमदासबाबा मठाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मासा पाहिला.

“याचं वय काय?”

“दोन वर्षं तरी असेल. मागच्या उन्हाळ्यात एवढाच होता. त्याच्या आधीही एवढाच.”

“आधी पाण्यात सोड त्याला. मग बोल.”

विवेकदास पायऱ्या उतरून तळ्याकडे गेला आणि ओल्या हातांनी परत आला.

“पाणी बिघडलंय का, बाबा? की काही रोग आहे? रोज लाह्या टाकतो मी. कुणी त्रास देत नाही त्यांना. पाण्यात हात घातला तरी पळत नाहीत, इतके निर्भय झालेत.”

“हं...”

“मग?”

“तळ्यात कमळं होती ना रे?”

“होती. गेली. शेवाळसुद्धा उरलं नाही.”

“कुणी खाल्लं?”

विवेकदासने आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “...यांनीच.”

बाबांनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

विवेकदास शहरात खूप शिकून या मठात आला होता. मठाखालच्या बोदरा तळ्यावर ढिवरांची वस्ती जगायची. मासळी घटत चालली म्हणून ती माणसं बाबांकडे आली, तेव्हा बाबांच्या आधी हाच बोलला होता. “दोन वर्षं जाळं टाकू नका. तिसऱ्या वर्षी हातभर मासा देतो. माझा शब्द.”

ढिवरांनी जाळी खुंटीला टांगली.

त्याने आणखीही एक केलं. एके दिवशी मरळ, तळ्यातला शिकारी मासा, एक मासोळी गिळताना त्याने पाहिली. सापासारखं डोकं वर आलं, तोंड उघडलं, मिटलं. त्याला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने तळ्यातल्या मरळी एकेक करून जिवंत धरवल्या, घागरीत घातल्या आणि टेकडीपलीकडच्या नाल्यात स्वतः नेऊन सोडल्या. मारली एकही नाही. घागरीला वरून ओलं फडकंसुद्धा बांधायचा, उन्हाचा त्रास नको म्हणून.

(हसू नका. घरात रांगतं मूल आहे, म्हणून टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधून मी हे लिहिते आहे. त्या तळ्यावर असते तर दुसरी घागर माझ्या डोक्यावर असती.)

बाबांनी तेव्हा काही विचारलं नव्हतं.

आज तिसऱ्या वर्षाचं पहिलं जाळं पडलं होतं.

खालून सयत्राबाई चढून आली. वस्तीत तिचा शब्द चालायचा. कमरेवर टोपलं, मागे चारपाच माणसं.

“विवेकदासजी, जाळं लय भारी आलं जी! ओढता ओढेना.”

विवेकदासचा चेहरा उजळला.

सयत्राबाईने टोपलं ओट्यावर पालथं केलं. बोटाएवढ्या मासोळ्यांचा ढीग चमकला.

“हे घ्या तुमचे हातभर मासे. हात कोणाचा मोजला होता जी? पाळण्यातल्या लेकराचा?”

मागची माणसं हसली. मग हसायची थांबली.

“अजून एक वर्ष द्या, सयत्राबाई,” विवेकदास म्हणाला. “मी लाह्या दुप्पट करतो.”

“दोन वर्षं आमी लोकाच्या भट्टीवर विटा वाहिल्या. तुमच्या शब्दावर. आता अजून एक सांगाल, तं जाळे विकतो अन् तिकडंच झोपड्या बांधतो. तुमच्या मासोळ्या तुमाले लखलाभ.”

“त्या माझ्या नाहीत...”

“मंग कोणाच्या आहेत?”



सयत्राबाईने पदराने कपाळ पुसलं आणि बाबांकडे वळली. “बाबाजी, आता तुमीच सांगा. आमी राहू का जाऊ?”

बाबांनी सूप बाजूला ठेवलं.

“विवेका, तहान लागली. पाणी आण.”

त्याने मठाच्या विहिरीतून लोटा भरून आणला. बाबा सावकाश प्यायले.

“गोड आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यात किडे कसे नाहीत रे?”

“मरळी आहेत ना दोन. त्या खातात.”

“त्यांना नाल्यात नाही नेलंस?”

“त्या नेल्या असत्या, तर पाणी नासलं...”



बाबांनी उरलेलं पाणी त्याच्यापुढे धरलं. “पी.”

तो प्यायला. बराच वेळ पीत राहिला, लोट्यात दोनच घोट होते तरी.

सयत्राबाईला सगळ्यांच्या आधी कळलं. ती न सांगताच लहान जाळी आणायला खाली पळाली.

विहिरीतल्या मरळी हाती यायला दुपार झाली. काळ्या, मनगटाएवढ्या जाड, अंगावर तपकिरी पट्टे. विवेकदासने घागर पुढे केली. तीच घागर. सयत्राबाईने दोघींना आत सोडलं, तशी एकीने शेपटीचा असा फटकारा दिला की त्याचं तोंड ओलं झालं.

“ओळखते जी तुमाले,” सयत्राबाई म्हणाली.

सगळे तळ्याकडे निघाले.

“आजच्या मासोळ्या वाळवून विका,” बाबा तिला म्हणाले. “उद्या जाळं टाका. परवाही टाका. गर्दी कमी होऊ द्या.”

“अन् मंग? मोठा मासा?”

“जागा झाली की येईल. नाल्यातल्या मरळीही जमतील तेवढ्या परत आणा. फक्त एखादीजवळ पिलं असली की...”

“ते आमाले नका सांगू, बाबाजी. लाल पिलांची मरळ आमच्या आज्यानंबी कधी धरली नाही.” ती थांबली. तळ्याकडे पाहिलं, मग मागच्या माणसांकडे. “जाळे नाही विकत आमी. पाहू.”

विवेकदास शेवटच्या पायरीवर घागर घेऊन उभा राहिला. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. त्याची चाहूल लागताच मासोळ्या चारी बाजूंनी धावल्या आणि लाह्यांच्या आशेने त्याच्या पायांना टोचू लागल्या.

त्याने घागर वाकवली. पुन्हा सरळ केली.

“बाबा...”

“हं.”

“या सगळ्यांना मी वाढवलंय.”

“हं.”

“एवढंच सांगा... पहिल्यांदा यातल्या कुणाला खातील?”

बाबा पायरीवर टेकले. पायांशी जमलेल्या मासोळ्यांकडे त्यांनीही वाकून पाहिलं, अगदी निरखून.

“सांगितलं, तर तू तेवढीला वाचवशील... सोड.”