दोनदा तळलेले वडे

घाटाच्या तिसऱ्या वळणावर, करवंदीच्या हिरव्यागार जाळीला टेकून, एक इवलीशी हातगाडी उभी असे. डाळवड्यांची! प्रत्येक एसटी तिथे थांबायची, कारण तिथले वडे खाल्ल्याशिवाय घाट चढायचा नाही, असं प्रवासी एकमेकांना बजावायचे.

गाडी केवडाच्या मावशीची होती. केवडाला आईबाबा नव्हते, होती ती एवढी एक मावशी. आठ दिवसांपूर्वी मावशीच्या उजव्या हातावर कढत तेल सांडलं. तेव्हापासून ती घरात कण्हत पडली होती आणि दहा वर्षांची केवडा एकटीच वडे तळत होती.

मावशीचा नियम एकच. काल उरलेला वडा गाईला घालायचा, प्रवाशाच्या पानावर नाही.

त्या दुपारी वाटलेली डाळ संपली आणि नेमके एसटीतून एक आजोबा उतरले. घामाघूम झाले होते बिचारे.

"पोरी, तीन गाड्या बदलून आलोय तुझ्या वड्यांसाठी," ते म्हणाले.

केवडाला नाही म्हणवेना. गाईसाठी ठेवलेले कालचे चार वडे तिने हळूच तेलात सोडले. सोनेरी, खमंग, कुरकुरीत! तुम्हाला कळलं नसतं. खरं सांगते, मलाही नसतं कळलं.

"वा! असा वडा उभ्या जन्मात खाल्ला नाही," आजोबा म्हणाले. "देव तुझं भलं करो, बाळ."

त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! केवडाचे कान लालबुंद झाले. ती जाळीमागे पळाली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

तोच पानं चमचम चमकली. करवंदीच्या पांढऱ्याशुभ्र फुलातून एक पिटुकली परी बाहेर आली. जांभळा झगा, चंदेरी पंख, गालांवर गुलाबी लाली.

"रडू नको गं," परी म्हणाली. "आमच्या जाळीतल्या मुंग्यांना रोज वड्यांचा चुरा घालतेस ना? म्हणून एक इच्छा माग. पण मागताना माझ्या डोळ्यांत बघायचं. आणि या फांदीची सावली त्या दगडाला टेकायच्या आत मागायचं हं!"

इच्छा तर ओठांवरच होती. "माझ्या मावशीचा..." केवडा म्हणाली, पण मान काही वर होईना. पुन्हा प्रयत्न केला. मान आपली खालीच.

"मला लाज वाटते," ती पुटपुटली.

"कुणाची गं?"

"माझीच."

"मग मी तरी काय करू?" परी हिरमुसली. सावली आणि दगड यांच्यात चार बोटांचं अंतर उरलं होतं.

केवडा उठली आणि धावत सुटली. एसटी सुरू झाली होती. आजोबा दारातच उभे होते.

"आजोबा, तुमचे वडे कालचे होते! मी पुन्हा तळून दिले. मावशीचं नाव घालवलं मी!"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "आमचेही शिळेच की काय?" असं म्हणत एका बाईने हातातला वडा खाली टाकला. तो ताजा होता! पण केवडा आता कुठल्या तोंडाने सांगणार? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

आजोबा खाली उतरले. "कंडक्टर, जाऊ द्या गाडी. ताजे वडे होईपर्यंत मी बसतो इथे." मग केवडाकडे वळून म्हणाले, "लाज वाटते ना? मग तुझ्या हातचं मी डोळे मिटून खाईन."

केवडा जाळीमागे परतली. बघते तर काय, परीने ती फांदी दोन्ही हातांनी वर उचलून धरली होती आणि ती धापा टाकत होती.

"नियम मोडता येत नाही," परी म्हणाली, "पण फांदी थोडी उचलता येते. लवकर माग!"

केवडाने रडून सुजलेले डोळे वर केले आणि थेट परीकडे पाहिलं. "माझ्या मावशीचा हात बरा होऊ दे."

परी खुदकन हसली. केशरी, सोनेरी, मोतिया उजेडाचा झोत उसळला आणि परी त्यात विरून गेली.

मागे बांगड्या किणकिणल्या. भिजलेल्या डाळीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून मावशी येत होती! केवडा हळूच पुढे झाली.

"मावशी, आधी ऐक. मी आज शिळे वडे वाढले."

मावशीने पातेलं खाली ठेवलं. मग तिने तो बरा झालेला उजवा हात केवडाच्या डोक्यावर ठेवला.