तीनदा आणलेली मुळी

गोवर्धन नगरात सोमदत्त नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांच्या एका खेड्यात गुरांचा वैद्य होऊन राहत होता. ही विद्या त्याला त्याच्या सासऱ्याकडून मिळाली होती. सासऱ्याचे नाव शोणक. म्हाताऱ्याचे गुडघे धरले होते, म्हणून डोंगर चढायचा तो बोधिसत्त्वाने आणि नियम सांगायचे ते शोणकाने, अशी घरात वाटणी झाली होती.

नियम पुष्कळ होते. त्यांतला सर्वांत मोठा असा, की आजारी जनावरासाठी रानातून मुळी आणणाऱ्याने ती गोठ्यात पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की मुळीचा गुण गेला. मग ती ओढ्यात टाकायची आणि पुन्हा डोंगर चढायचा.

एके सकाळी वासुला नावाची गवळण धावत आली. तिच्याकडे एकच गाय होती आणि गाईचे वासरू अजून दुधावर होते.

"शोणककाका, तांबडीचं पोट टम्म फुगलंय. उठत नाही, रवंथ करत नाही."

शोणक काठी टेकत गोठ्यात गेला. त्याने गाईच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला.

"सूर्य मावळायच्या आत मुळी पोटात गेली पाहिजे, नाहीतर गाय हाती लागत नाही," तो म्हणाला. "जावईबापू, निघा. आणि तोंड बंद."

बोधिसत्त्व निघाला. बोरीच्या जाळीत त्या मुळीची वेल सापडली. त्याने वेलीला हात जोडले, मुळी खणली, पळसाच्या पानात गुंडाळली आणि तो झपाझप उतरला. वेशीवर धनुक राखणदार बसला होता. तो बोधिसत्त्वाला रोज पाहत असे, पण विचारणे हे त्याचे काम होते.

"काय आहे पुडीत?"

बोधिसत्त्वाने वासुलेच्या घराकडे बोट दाखवले.

"ते घर झालं. पुडीत काय?"

बोधिसत्त्वाने दोन बोटे डोक्यावर शिंगांसारखी धरली.

"बैल? पुडीत बैल?"

बोधिसत्त्वाने पोट फुगवून दाखवले.

"अरे वा!" धनुकाचा चेहरा उजळला. "घरी पाळणा हलणार म्हणायचा! पेढे कुठे आहेत? यातच आहेत का?" आणि तो पुडी सोडू लागला.

"गाईचं औषध आहे, सोडू नका," बोधिसत्त्व अखेर म्हणाला.

"मग आधीच सांगायचं ना!" धनुक म्हणाला.

बोधिसत्त्वाने मुळी ओढ्यात टाकली आणि तो पुन्हा डोंगर चढला.

तो परत आला तोवर ही बातमी गावभर झाली होती. वासुलेचा शेजारी नागदत्त मदतीसाठी वेशीवर येऊन थांबला होता. तो बोधिसत्त्वाच्या पुढे उलटा चालू लागला. एक डोळा पुडीवर ठेवून दोन्ही हातांनी लोकांना बाजूला सारत तो ओरडत होता, "कोणी बोलू नका रे! वैद्यांना बोलायचं नसतं! ए आजी, गप्प! मी सांगतोय ना, गप्प!"

त्या बोळात एवढा गलका पूर्वी कधी झाला नव्हता. बोळाच्या शेवटी उकिरड्याचा खोल खड्डा होता. नागदत्ताची टाच त्याच्या काठावर आली.

"मागे खड्डा!" बोधिसत्त्व म्हणाला.

"बोलले!" असे ओरडत नागदत्त खड्ड्यात पडला. वर काढल्यावरही तो प्रत्येकाला तेच सांगत होता. "बोलले. मी माझ्या कानांनी ऐकलं."

आता ऊन कलले होते. बोधिसत्त्व तिसऱ्यांदा डोंगर चढला. त्या जाळीत आता एकच वेल उरली होती. त्याने तिची अर्धी मुळी कापून घेतली, अर्धी मातीत तशीच ठेवली आणि तो उतरला. या खेपेला त्याने वेस टाळली आणि बोळही टाळला. कोणी भेटले नाही. तो वासुलेच्या अंगणापाशी आला.

अंगणात वासुला उभी होती. आतून गाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता आणि खुंट्याला बांधलेले वासरू सारखे हंबरत होते. वासुलेने दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. ती विचारणार नव्हती. तिने ओठही दाबून धरले होते. तरी तिच्या तोंडून निघून गेलेच, "जगेल ना हो माझी तांबडी?"

बोधिसत्त्वाने तिच्याकडे पाहिले. गोठा दहा पावलांवर होता.

"औषध वेळेवर आलंय, बाई. पाणी तापवा," तो म्हणाला.

गोठ्यात गाईपाशी बसलेल्या शोणकाने कपाळावर हात मारला. "दारात येऊन! अहो, दारात येऊन! टाका ती, आणि फिरा मागे."

"सूर्य कुठे आहे पाहिलंत का, मामा?"

"नियम म्हणजे नियम. गुण गेला तिचा."

"मामा, बोललो तो मी," बोधिसत्त्व म्हणाला. "मुळी गप्पच होती."

तोवर वासुलेने पुडी घेतली होती आणि मुळी पाट्यावर वाटायला सुरुवातही केली होती. तिने काढा बांबूच्या नळकांड्यात ओतला आणि गाईचे तोंड वर धरले.

शोणक काही वेळ पाठ फिरवून उभा राहिला. मग चटकन वळून म्हणाला, "इतकं वर नाही धरायचं, पोरी! ठसका लागेल. सर बाजूला." त्याने स्वतः गाईचा जबडा धरला आणि काढा थोडा थोडा गळ्याखाली उतरवला. सगळा वेळ तो पुटपुटत होता, "वाया जाणार. सगळं वाया जाणार."

उन्हे परसातून निघून चालली होती, तेव्हा तांबडीने मान लांब केली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा एक ढेकर दिला. मग दुसरा दिला. कुशी हळूहळू बसली. ती धडपडत उठली, आणि वासुलेने वासराचा दोर सोडला.

पुढे काही दिवसांनी धनुकाचा बैल तसाच आजारी पडला. बोधिसत्त्व ओढ्यावर आला तर नागदत्त खणून आणलेल्या मुळ्या पाण्यात फेकत होता.

"हे काय चाललंय?"

"पहिल्या दोन टाकायच्या," नागदत्त म्हणाला. "तिसरीलाच गुण येतो. आणि दारात गेल्यावर 'पाणी तापवा' म्हणायचं. साऱ्या गावाने पाहिलंय."

"आणि खड्ड्यात पडायचं का?"

"त्यावर अजून एकमत झालेलं नाही."

बोधिसत्त्व दगडावर बसला. मग तो उठला, नागदत्ताच्या हातातली मुळी घेऊन धनुकाच्या बैलाला देऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला डोंगरावर घेऊन गेला. त्याने वेल दाखवली, पान दाखवले, मुळी अर्धी कशी घ्यायची ते दाखवले. सर्वांनी आपापल्या गोठ्याच्या कुंपणाशी ती वेल लावली.

"म्हणजे आता नियम काहीच नाही," शोणक संध्याकाळी म्हणाला.

"आहे ना, मामा. लवकर आणायची. तुमच्या नियमाचा अर्थ हाच असणार, की आणणाऱ्याने वाटेत गप्पा मारत बसू नये."

"माझ्या गुरूंनी अर्थ सांगितला नव्हता," शोणक म्हणाला. "ते बोलतच नसत."

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते भगवान भिक्षूंना म्हणाले, "विहाराच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'कुठे निघालात?' असे जो विचारतो, तो भिक्षू म्हणजे तेव्हाचा धनुक. ध्यानाच्या वेळी 'शांत बसा' असे जो ओरडतो, तो नागदत्त. अंगावरच्या चीवराच्या घडीवरून सर्वांना बोलणारे आपले वृद्ध स्थविर म्हणजे शोणक. रोज सकाळी ताक आणून देणारी उपासिका वासुला होती. आणि तो गुरांचा वैद्य मीच होतो. भिक्षूंनो, तीनदा डोंगर चढणे ही क्षांती, ही सहनशीलता नव्हे, ते पायांचे काम. उतरून आल्यावर 'मग आधीच सांगायचं ना' हे ऐकून घ्यावे आणि तरी त्याच माणसाच्या बैलासाठी औषध घेऊन जावे, तिला क्षांती म्हणतात."